सीलाकांथ सापडला, मग यती का नाही?

तुम्ही विचारलंय की क्रिप्टोझूऑलॉजी, म्हणजे दंतकथांत आणि ऐकीव गोष्टींत असलेले पण पुरावा नसलेले प्राणी शोधणं, हे खरंच शास्त्र आहे की नुसता टाइमपास, आणि नामशेष समजला गेलेला सीलाकांथ जर जिवंत सापडू शकतो तर हिमालयातला यती, अमेरिकेतल्या जंगलांतला केसाळ बिगफूट, स्कॉटलंडच्या नेस सरोवरातली नेसी यांना शास्त्रज्ञ आधीच का मोडीत काढतात. प्रश्न रास्त आहे. "सगळं थोतांड" एवढं एका ओळीत लिहून मोकळे होणारे लोक मला रोज नवा ब्लर फोटो टाकणाऱ्यांइतकेच कंटाळवाणे वाटतात.

आधी सीलाकांथ, कारण प्रत्येक वादात हाच मासा तोंडावर फेकला जातो. डिसेंबर १९३८, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन बंदर. एका ट्रॉलरने आणलेल्या मासळीच्या ढिगात तिथल्या म्युझियमच्या क्युरेटर मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना दीडेक मीटर लांबीचा निळसर मासा दिसला, परांच्या मुळाशी मांसल दांडे असलेला, ओळखीच्या कुठल्याच जातीत न बसणारा. फॉर्मॅलिन पुरेसं मिळेना, त्यात तिकडचा उन्हाळा, मासा कुजायला लागला, शेवटी आतले अवयव टाकून देऊन त्यात पेंढा भरायची वेळ आली. त्यांनी पाठवलेलं स्केच बघून माशांचे अभ्यासक जे. एल. बी. स्मिथ चक्रावले, कारण हा गट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपला असं सगळे धरून चालले होते.

पण यात कुणी सीलाकांथ शोधत होतं का? नाही. बक्षीस लावून शोध सुरू झाला तो हातात नमुना आल्यावर. आणि १९५२ मध्ये हिंदी महासागरातल्या कोमोरो बेटांवर दुसरा मासा मिळाला तेव्हा कळलं की तिथल्या कोळ्यांच्या गळाला तो अधूनमधून लागतच होता, त्यांच्याकडे त्याला नावही होतं, फक्त चवीला बेकार म्हणून कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. राक्षस वगैरे तर अजिबात नाही.

ओकापीची गोष्ट मला याहून आवडते. कॉंगोच्या जंगलात गाढवासारखा एक प्राणी आहे असं हॅरी जॉन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कानावर आलं होतं, साहेबांनी मनात घोडा किंवा झेब्रा पक्का करून टाकला. तिथल्या म्बुटी लोकांनी त्याला ओकापीचे खरे ठसे दाखवले, दुभंगलेल्या खुराचे, तर हा म्हणे छे, घोड्याच्या जातीला असा खूर कसा असेल! पुढे कातडीचे पट्टे लंडनला पोचले, त्यावरून १९०१ मध्ये घोड्याच्या कुळातलं नावही देऊन झालं, आणि त्याच वर्षी अख्खं कातडं आणि कवट्या आल्यावर समजलं की हा तर जिराफाचा भाऊबंद. म्हणजे ज्यांच्या जंगलात तो राहतो ती माणसं पहिल्यापासून बरोबर होती, चूक होती ती ऐकणाऱ्याच्या डोक्यातल्या चित्रात. साओला या हरणासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचंही तसंच, १९९२ मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांग भागात शिकाऱ्यांच्या घरात टांगलेली लांब सरळ शिंगं दिसली म्हणून तो कळला.

तर फरक इथे आहे. जे प्राणी खरोखर "सापडले" त्यांच्याबद्दल स्थानिक लोक अगदी सपकपणे बोलत होते, त्याची शिंगं घरात असायची, कुणी ना कुणी तो खाल्लेला असायचा. यती-नेसीच्या बाबतीत वर्णनं ढीगभर आणि भरीव वस्तू हातात घेतली की ती दुसऱ्याच कुणाची तरी निघते. १९६० च्या मोहिमेत एव्हरेस्टवीर हिलरीने नेपाळमधल्या खुमजुंगच्या मठातली "यतीच्या डोक्याची कातडी" तपासायला नेली, ती सेरो नावाच्या शेळीवर्गीय प्राण्याच्या कातड्यापासून बनवलेली निघाली. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले ९ नमुने डीएनएसाठी तपासले, ८ अस्वलांचे आणि १ कुत्र्याचा. नेस सरोवरात २०१८ मध्ये वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी घेऊन त्यातला डीएनए बघितला, सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर. आणि मुळात ते सरोवर साधारण दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होतं, शिवाय असा प्राणी एकटा शतकानुशतकं जगत नाही, पिल्लं लागतात, म्हातारे मरतात, सांगाडे उरतात. ते कुठे आहेत?

आता शास्त्र आहे का याबद्दल. या विषयाला रूप दिलं ते बर्नार ह्यूव्हेलमान्स यांनी, माणूस रीतसर झूऑलॉजीतला डॉक्टरेट, १९५५ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय सोसायटी निघाली, चिन्ह अर्थातच ओकापी, स्वतःचं जर्नल होतं, पण १९९८ मध्ये कारभार आटोपला. त्यांची मेहनत मला मान्य आहे, पद्धत नाही. दंतकथेतला "अशक्य" भाग सोलून काढायचा आणि उरेल तो प्राणी म्हणायचा, ही ती पद्धत. स्कॉटलंडच्या जुन्या गोष्टींतला केल्पी हा पाण्यातला घोडा रूप बदलतो, पाठीवर बसलेल्या मुलांना तो पाण्यात ओढून नेतो. त्यातलं रूप बदलणं वगळलं, मुलं वगळली, आणि पाण्यातलं मोठं जनावर तेवढं ठेवून त्याला नेसीचा साक्षीदार म्हणून उभं केलं. अहो, मग त्या गोष्टीत राहिलं काय? मुलांनी खोल पाण्याजवळ जाऊ नये म्हणून ती सांगितली जात असेल तर तो धागा तुम्हीच कापून टाकलात.

म्हणून माझं मत असं की इथे दोन वेगळे अभ्यास आहेत आणि त्यांची खिचडी केली की दोन्ही बिघडतात. प्राणी शोधायचा तर ते झूऑलॉजीचं काम, तिथे शेवटचा शब्द नमुन्याचा. राक्षस अभ्यासायचा तर गोष्ट हाच नमुना, ती कोणी, कधी, कुणाला सांगितली ते बघायचं, आणि हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही. मिशनरी हान्स एगेडेच्या प्रवासात १७३४ मध्ये ग्रीनलंडजवळ दिसलेल्या समुद्रसर्पाचं उदाहरण घ्या, २००५ मध्ये काही संशोधकांनी ते वर्णन ओळ न ओळ मूळ कागदांतून तपासलं आणि एक शक्यता अशी मांडली की सापाची शेपटी म्हणून जे दिसलं ते उत्तेजित नर देवमाशाचं लिंग असावं. हसा खुशाल, पण साक्षीदाराला खोटारडा न ठरवता आणि राक्षसही न मानता केलेलं हे काम आहे.

सुरुवात कुठून करू म्हणालात तर एकच केस घ्या आणि तिचं सगळ्यात जुनं लिखित बयाण शोधा, नंतरच्या पुस्तकातला सारांश नको. मग पेपरात बातमी यायच्या आधीची वर्णनं आणि नंतरची वर्णनं वेगळी काढा. नेसीबद्दल हे केलंत तर १९३३ च्या आधी हाताशी किती कमी उरतं ते दिसेल. १९३४ चा नेसीचा तो प्रसिद्ध "सर्जनचा फोटो" तर खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून काढलेला निघाला. त्याच्या जोडीला त्या भागातले खरे प्राणी नीट शिका, अस्वल दोन पायांवर उभं राहिलं की कसं दिसतं, वितळणाऱ्या बर्फात ठसा किती पसरतो, हे माहीत नसेल तर फोटोवर बोलायला बसू नका.

आणि जंगलात जाऊन खरंच काही शोधायचीच खुमखुमी असेल तर साओलाच्या कामाकडे बघा. त्याची शेवटची खात्रीची नोंद २०१३ मधल्या कॅमेरा ट्रॅपची (जंगलात लावून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची) आहे, जंगलात तो प्रत्यक्ष बघितलेला एकही बायॉलॉजिस्ट नाही, आणि शिकाऱ्यांच्या फासांमुळे तो उरलाय की नाही हेच आत्ता कुणाला सांगता येत नाही.