जर्मनीला यायच्या आधी सी प्लस प्लस किती करून येऊ?

अरे, तू विचारलंस की मेकॅनिकल करून जर्मनीला कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सच्या मास्टर्सला येतोय तर सी प्लस प्लसमधलं ऑब्जेक्ट ओरिएंटेड (क्लास-ऑब्जेक्टमध्ये कोड मांडायची पद्धत) किती करून येऊ. मी पण मुलुंडचा, मेकॅनिकलवालाच, म्हणून माझं काय झालं ते सांगतो. सिंटॅक्सचं टेन्शन घेऊ नकोस, ते होतं. आपल्याकडे व्हायवाला इन्हेरिटन्स (एका क्लासखाली दुसरा क्लास) म्हणजे प्राणी आणि त्याच्याखाली कुत्रा एवढंच पाठ, मी तेच डोक्यात घेऊन इथे आलो आणि फायनाइट एलिमेंटचा (स्ट्रक्चरचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून गणित सोडवायचा) कोड लिहिताना एलिमेंटखाली ट्रस (फक्त ओढ-दाब घेणारी दांडी), ट्रसखाली स्टीलचा ट्रस, त्याखाली यील्ड होणारा (लोड काढला तरी मूळ आकारात न येणारा) स्टीलचा ट्रस अशी अख्खी वंशावळ मांडली. गाइड म्हणाले आता हेच स्टील बीमला लाव. झालं, परत पहिल्यापासून.

मटेरियल वेगळं ठेवायचं रे. एलिमेंटने त्याला एवढंच म्हणायचं, हा घे स्ट्रेन (किती ताणलं गेलं), मला स्ट्रेस (आतला ताण) आणि टँजंट (त्या क्षणीचा कडकपणा) दे, आत स्टील आहे का रबर याच्याशी त्याला काय करायचंय.

ते जमलं तर पुढे वेगळीच माती खाल्ली. सगळ्या गॉस पॉइंट्सना (एलिमेंटच्या आत जिथे स्ट्रेस काढतात ते बिंदू) एकच मटेरियल ऑब्जेक्ट दिला आणि प्लॅस्टिक स्ट्रेन (यील्डनंतर कायमचा राहणारा) त्याच्यातच साठवला. एक पॉइंट होता तोवर उत्तर बरोबर, चार झाल्यावर जिथे लोड नावालाच आहे तो कोपराही यील्ड झालेला, दोन आठवडे मी सॉल्व्हरला शिव्या घालतोय! प्रत्येक पॉइंटची हिस्टरी त्याची त्याची हवी, आणि न्यूटनचं इटरेशन (उत्तराचा अंदाज सुधारत जाणं) कन्व्हर्ज होईपर्यंत, म्हणजे उत्तर स्थिरावेपर्यंत, ती पक्की करायची नाही. बर्कले युनिव्हर्सिटीच्या ओपनसीस या स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट बघायला मिळतो, त्यात मटेरियलला गेटकॉपी, कमिटस्टेट, रिव्हर्टटूलास्टकमिट (प्रत काढ, पक्कं कर, शेवटच्या पक्क्यावर परत जा) अशी फंक्शन्स आहेत, ती का आहेत हे मला तेव्हा कळलं. (गंमत म्हणजे क्लास-ऑब्जेक्ट ही भानगडच मुळात सिम्युलेशनसाठी निघाली, नॉर्वेत, सिम्युला 67 नावाच्या भाषेत.)

आणि व्हर्च्युअल फंक्शन (कोणत्या क्लासचं चालवायचं ते प्रोग्राम चालताना ठरतं) एलिमेंटमागे एकदा ठीक, मॅट्रिक्सच्या प्रत्येक आकड्याला घालशील तर कोड विरार स्लोसारखा चालेल.

तर येण्याआधी एक साधा बारचा कोड लिही, मग त्यात दुसरं मटेरियल घाल आणि किती फाइली उघडाव्या लागल्या ते मोज. फ्लुइड्समध्ये जायचं असेल तर पवईला आयआयटीच्या फॉसी प्रोजेक्टचे ओपनफोम या फ्लुइड्सच्या सॉफ्टवेअरचे ट्युटोरियल फुकट आहेत, ते कर. आणि एपीएस सर्टिफिकेटला (आपली डिग्री खरी आहे हे जर्मनीकडून तपासून मिळणारा कागद) अप्लाय केलंस का? नसेल तर कोड राहू दे, आधी ते कर, त्याच्याशिवाय स्टुडंट व्हिसाची फाइल पुढे सरकत नाही.