चर्चनं लग्न रद्द ठरवलं, मग कोर्टात कशाला जायचं?

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. २०१८ मध्ये लग्न झालं. चार वर्षं आम्ही वेगळे राहतो, मूलबाळ नाही. आमचं लग्न मुळातच वैध नव्हतं, असा निर्णय धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणानं दिला आहे. आता दुसरीकडे ठरतंय. आई म्हणते, 'चर्चचा निकाल लागला, आता कोर्टात घटस्फोट मागणं पाप.' कोर्टात जायलाच हवं का?

उत्तर : ताई, जायलाच हवं. तोवर लग्नाची तारीख धरू नका.

न्यायाधिकरणासमोर घरातल्या गोष्टी उघड करताना किती त्रास होतो, हे अशा अशिलांकडून मी ऐकलं आहे. त्या कागदाची किंमत मी कमी करत नाही. चर्चपुरत्या तुम्ही मोकळ्या झालात. कायद्याच्या लेखी मात्र तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हेच सांगितलं: चर्चच्या निर्णयानं कायद्यातलं लग्न संपत नाही. पुढे क्लॅरेन्स पैस यांनी याचिका करून चर्चच्या निर्णयांना मान्यता मागितली, तीही २०१७ मध्ये फेटाळली गेली. गोव्यातल्या कुणाचा दाखला कुणी दिला तर तो धरू नका. तिथले कौटुंबिक कायदे पोर्तुगीज काळापासूनचे, वेगळे आहेत.

असंच लग्न केलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आधीचं लग्न 'सक्षम न्यायालयानं' रद्द ठरवलं असेल तर त्या कलमातून सूट आहे, आणि चर्च हे तसं न्यायालय नाही. शिवाय नवं लग्नही कायद्यात टिकणार नाही. आणखी एक, सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही असं: उद्या मृत्युपत्राशिवाय तुमचं काही बरंवाईट झालं, तर मूल नसल्यामुळे १९२५ च्या वारसा कायद्यानं तुमच्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा आधीच्या नवऱ्याकडे जाईल. बाकीचा माहेरच्यांना. ज्याच्याशी संसार थाटलात, त्याला काहीच नाही.

यजमान सही करायला तयार असतील तर वाट सोपी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली कलम १०अ आलं, त्याखाली दोघांनी मिळून जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात अर्ज करायचा. दोन वर्षं वेगळं राहिल्याची अट तुमची केव्हाच पुरी झाली. अर्जानंतर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा संमती द्यायची. अठरा महिन्यांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. ते सही देत नसतील तर छळ किंवा दोन वर्षांचा त्याग या कारणांवर तुम्ही एकट्या अर्ज करू शकता. १९९७ पर्यंत आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती बाईला नुसता छळ सांगून भागत नव्हतं, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ती अट त्या वर्षी काढली. तो हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे, वापरायला संकोच करू नका.

आता आईचं. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. 'देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये' हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या. पण कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिकवणीतच, परिच्छेद २३८३ मध्ये, लिहिलं आहे की कायदेशीर हक्क राखायला दुसरा मार्ग नसेल तर दिवाणी घटस्फोट घेणं हा नैतिक अपराध नाही. शिवाय तुमच्या बाबतीत जोडलेलंच नव्हतं, असं चर्चनं स्वतः म्हटलं आहे. आईला घेऊन फादरांकडे जा, त्यांच्या तोंडून ऐकू दे.

निकाल लागल्यावर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबा; घटस्फोट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे त्यानंतरच पुनर्विवाह करता येतो. प्रमाणित प्रती दोन काढा, एक फादरांकडे द्या, एक तुमच्या कपाटात राहू द्या.