तुटलेला कंट्रोल आर्म भंगारात टाकू नका, तोच तुमचा साक्षीदार आहे

तुमचा मेल दोनदा वाचला. प्रकार थोडक्यात असा, की तुम्ही गाडीला तीन इंचाचा लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच) बसवला, त्यानंतर स्पीडला गाडी रस्ता सोडायला लागली, स्टिअरिंग सारखं धरून ठेवावं लागायचं, म्हणून एका वर्कशॉपमधून पुढचे लोअर कंट्रोल आर्म (चाकांचा आडवा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे खालचे दांडे) काढून लांबी कमी-जास्त करता येणारे अ‍ॅडजस्टेबल आर्म टाकले. पाच आठवड्यांनी डावा आर्म थ्रेडपाशी तुटला, गाडी ओढली गेली, एका दुचाकीवाल्याला धडक बसून त्याचा हात मोडला आणि तुमची गाडी कठड्यावर गेली. इन्शुरन्स कंपनीने 'अनधिकृत मॉडिफिकेशन' म्हणून क्लेम नाकारला, वर्कशॉपवाला बिलावरची 'नो गॅरंटी, ऑफरोड युज ओन्ली' ही ओळ दाखवतोय, आणि आता एक मित्र सांगतोय की आरटीओचं इन्स्पेक्शन व्हायच्या आधी कंपनीचे जुने आर्म परत बसव, लिफ्ट उतरव, कोणाला काही कळणार नाही.

मित्राचं ऐकू नका. कळकळीने सांगतोय, बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

माणूस जखमी झालाय म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५ लागणार, आणि अशा वेळी गाडीचे पार्ट बदलून ठेवणं म्हणजे पुरावा नाहीसा करणं, त्याला कलम २३८ वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली अपघातातली गाडी तपासायचा अधिकार असतो, आणि इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर तर फोटो काढून गेलाय. त्याच्या फोटोत एक आर्म आणि इन्स्पेक्टरच्या रिपोर्टमध्ये दुसरा, असं झालं की मग तुमचं खरं बोलणंही कोणी मानणार नाही. आज जी चूक दंडापाशी थांबू शकते ती लपवालपवीमुळे फार पुढे जाते.

आणि मुळात तो तुटलेला तुकडा तुमच्या बाजूने बोलू शकतो. आर्म का तुटला हे तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं, हळूहळू वाढत गेलेली चीर असेल तर फटीग, एका दणक्यात गेला असेल तर ओव्हरलोड, आणि जॅम नट (आर्मची लांबी पक्की धरून ठेवणारा नट) ढिला राहून आर्म आतल्या आत खेळत होता असेल तर थ्रेड घासून चकचकीत झालेले दिसतात. मेटलर्जीचा जाणकार हे बघून सांगू शकतो. म्हणून दोन्ही तुकडे पुसू नका, ब्रश मारू नका, जुळतात का बघायला एकमेकांना लावूनही बघू नका, कोरडे ठेवा, वेगवेगळे गुंडाळा. गाडीवर अजून लागलेला भाग तसाच राहू द्या, उजव्या बाजूच्या आर्मचा जॅम नट आज कुठल्या स्थितीत आहे त्याचाही फोटो घ्या, कारण डाव्या-उजव्यातला फरक कोर्टात फार उपयोगी पडतो. आता गाडी वर्कशॉपच्याच आवारात उभी आहे असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात आवडलं नाही. पोलिसांना लेखी कळवून, परवानगी घेऊन, ती तिथून हलवा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ ला आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या केसमध्ये हेच कडक शब्दांत सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ आहे, त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यात रेट्रोफिटिंगचं (मागाहून वेगळे पार्ट बसवण्याचं) नाव घेऊन उल्लेख आहे. तेव्हा लिफ्टच्या बाबतीत तुमची बाजू कमजोर आहे, ते मी गोड करून सांगणार नाही.

पण लिफ्ट आणि आर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे दोन्हीची खिचडी झालीय. कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात 'फेरफार' म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल की तिचं मूळ वैशिष्ट्य बदलेल, असं लिहिलंय. आर्म बदलल्याने कुठलं मूळ वैशिष्ट्य बदललं? गाडी वर उचलली की जुन्या लांबीचा आर्म जास्त तिरका होतो, अ‍ॅक्सल किंचित मागे ओढला जातो, कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, म्हणूनच स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं. थोडा लांब लोअर आर्म अ‍ॅक्सलचा खालचा भाग पुढे ढकलून कॅस्टर परत आणतो. आरसीवर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लिहिलेला असतो, म्हणजे लिफ्टने सरकलेला अ‍ॅक्सल आर्मने उलट मूळ आकड्याकडे नेला, हा मुद्दा मी असतो तर जोरात मांडला असता. शिवाय त्यातून तुमची नियत दिसते, गाडी धोकादायक वाटली म्हणून तुम्ही ती नीट करायला पैसे मोजले, निष्काळजीपणाच्या आरोपाला हे चांगलं उत्तर आहे. अर्थात लिफ्टनंतर अलाइनमेंट न करता किती किलोमीटर फिरलात हा उलट प्रश्न येणार, त्याचं खरं उत्तर मला आधी कळलं पाहिजे.

इन्शुरन्स कंपनीला पहिलं पत्र हे लिहा की पॉलिसीची नेमकी कुठली अट मोडली ते नंबर देऊन सांगा आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी द्या. बहुतेक ते 'गाडी सुस्थितीत ठेवावी' ही अट आणि माहिती लपवली हा मुद्दा काढतील. दुसरा मुद्दा खरोखर दुखरा आहे, कारण रिन्युअलच्या वेळी लिफ्ट सांगितला नव्हता. तरीही अट मोडली हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं, आणि अपघात लिफ्टमुळे झाला की वर्कशॉपने नट न आवळल्यामुळे, हा प्रश्न तुम्ही सतत पुढे ठेवायचा. अट मोडली तरी क्लेम पूर्ण न बुडवता नॉन-स्टँडर्ड (पूर्ण रकमेपेक्षा कमी देण्याजोगा) धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या अमलेंदु साहू केसमध्ये सांगितलंय. ती केस गाडीच्या वापराबद्दलची होती, त्यामुळे जशीच्या तशी लागू होईल असं धरून चालू नका, पण तडजोडीला बसताना हातात असू द्या.

कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा परत नकार दिला तर इन्शुरन्स ओम्बड्समनकडे (विमा लोकपालाकडे) जा, शेवटच्या नकारापासून एक वर्ष मुदत, ५० लाखांपर्यंतचा मामला चालतो, फी नाही. फक्त त्याच क्लेमसाठी ग्राहक आयोगात केस टाकलीत तर ओम्बड्समन दार बंद करतो, म्हणून ग्राहक आयोगात सध्या फक्त वर्कशॉपला ओढा.

वर्कशॉपविरुद्ध तुमची केस मला सगळ्यात चांगली वाटते. बिलावर एक ओळ छापली म्हणून काम हलगर्जीपणे करायचं लायसन्स मिळत नाही. त्याने गाडी रस्त्यावर चालणार हे माहीत असून काम घेतलं, तुमच्या मेसेजमध्ये 'रोज ऑफिसला नेतो' असं लिहिलेलं आहेच. त्याला लेखी विचारा, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले की चाकं लटकत असताना, जॅम नटला किती टॉर्क दिला, अलाइनमेंटची प्रिंट कुठे आहे, थोडं चालवून परत आवळायला बोलावलं होतं का. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मुदत दोन वर्षं आहे आणि कलम ३८ खाली आयोग तो आर्म लॅबला पाठवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट त्याला जोडावं लागेल.

गाडीच्या कंपनीचा यात काही दोष दिसत नाही, तिच्या मागे लागू नका.

तुम्ही विचारलंय की केस चालू असताना जास्त मजबूत आर्म टाकून गाडी वापरू का. नाही. तपासणी होऊन गाडी हातात आली की लिफ्टसकट सगळं मूळ स्थितीत आणा, काढलेला प्रत्येक पार्ट फोटो आणि बिलासकट जपून ठेवा, मग रस्त्यावर काढा.

राहिला तो दुचाकीवाला. त्याची भरपाई थर्ड पार्टी कव्हरमधून यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये इन्शुरन्स कंपनीच्या बचावांची ठरलेली यादी आहे, त्यात 'गाडीत फेरफार केला' असं स्वतंत्र कारण नाही, माहिती लपवल्याचा मुद्दा मात्र ते इथेही आणतील. कंपनीने त्याला पैसे देऊन तुमच्याकडून वसूल करायला बघितलं तर ते भांडण आपण वेगळं लढू. त्याला भेटायला जरूर जा, पॉलिसीची कॉपी त्याला द्या, मोटार अपघात दावा ट्रायब्युनलमध्ये अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत आहे हेही सांगा. पण 'तक्रार नाही' असा कागद त्याच्याकडून लिहून घेऊ नका, हात प्लास्टरमध्ये असताना घेतलेली तसली सही त्याच्यावर अन्याय करते आणि उद्या तुमच्यावरच उलटते.