क्रूझ कोचीला जेमतेम आठ तास थांबणार आहे. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण कुठे करावं?

तुमची बोट कोचीला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ थांबणार, त्याच दिवशी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात आणि त्या दिवशीचं जेवण बोटीवरच्या बुफेत उरकायचं नाही, असं तुम्ही नागपूरहून लिहिलंय. मीही नागपूरचाच, महाल भागातला. माझ्या आई-बाबांना घेऊन याच थांब्यावर हाच खटाटोप केलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वेळ बघा. बोट ९ ला धक्क्याला लागली म्हणजे तुम्ही ९ ला बाहेर पडलात असं होत नाही. रांग, तपासणी, वयस्कर माणसं, असं करत आम्हाला गेटबाहेर यायला सव्वादहा झाले. परत चढायची वेळही ५ च्या बरीच आधी असते. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात ती छापलेली असते, ती पक्की धरा. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. म्हणजे हातात नीट असे पाचच तास. त्यात राजवाडा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), बाजार आणि वर खास जेवण कोंबू नका. माझ्या मते त्या दिवशी जेवण हीच सहल समजा.

बोट लागते विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून उभं केलेलं हे बेट आहे. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर इथून हलूच नका. बेटाच्या टोकाला ताज मलबार आहे, त्यातलं ‘राइस बोट’ हे रेस्टॉरंट माशांसाठी प्रसिद्ध, समोर थेट बंदराचं पाणी. टॅक्सीने काही मिनिटांत पोचाल.

चालता-फिरता येत असेल तर मात्र फोर्ट कोची हा शहराचा जुना भाग गाठा. टॅक्सीला अर्धा तास धरा, परतीला पाऊण. तिथे जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर उभं असलेलं ब्रंटन बोटयार्ड हॉटेल आहे. कोचीत ज्यू, पोर्तुगीज, डच, सीरियन ख्रिश्चन अशी कितीतरी माणसं येऊन राहिली. त्यांच्या घरचे पदार्थ तिथल्या ‘हिस्ट्री’ रेस्टॉरंटच्या मेनूवर आहेत. चाळीस वर्षांच्या संसाराला शोभेल अशी जागा माझ्या लेखी हीच.

पण फोन केल्याशिवाय निघू नका. आम्ही फोटो पाहून एक रेस्टॉरंट ठरवलं होतं (नाव सांगत नाही). दारात पोचल्यावर कळलं की ते फक्त रात्री उघडतं. आई उन्हात उभी, पावणेएक वाजलेला. इतकं वाईट वाटलं मला! शेवटी टॅक्सीवाल्या दादांनी गल्लीतल्या एका घरगुती खानावळीत नेलं. तिथे करीमीन पोळीचथु आलं, म्हणजे केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला करीमीन मासा. केळीचं पान तव्यावर भाजून काळपट झालेलं, दोऱ्याने बांधलेलं. बाबांनी दोरा सोडला आणि कढीपत्ता, छोटे कांदे, मिरीचा असा वास सुटला की आईचा चेहराच बदलला. सावजी रस्सा खाणारी आमची माणसं. खोबऱ्याचं जेवण मिळमिळीत लागेल अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. फक्त करीमीनला बारीक काटे फार. बाबांना मी सोलून दिला, तुम्हीही द्या. तेवढी कटकट नको असेल तर नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, मीन मोइली मागवा. माशाच्या लाल कालवणात कुडमपुळी असते, आपल्या कोकमाच्याच जातकुळीतली, पण धुरकट चवीची.

घरी कोणी शाकाहारी असेल तर केळीच्या पानावरची सद्या (केरळचं पारंपरिक शाकाहारी जेवण) विचारा, पण ती सगळीकडे रोज नसते. फोर्ट कोचीला लागून असलेल्या मट्टनचेरीत गुजराती वस्ती जुनी आहे, त्यामुळे तिकडे शाकाहारी जेवणाची अडचण पडत नाही. बिर्याणीची हौस असेल तर त्याच भागातली ‘कायीज’ नावाजलेली आहे, पण तिथे गर्दी असते. वाढदिवसाला निवांत बसायची ती जागा नव्हे.

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: त्या वारी दुपारी नेमकं कोणतं दालन चालू असतं, १२ वाजता पाण्याकडेचं टेबल मिळेल का, पायऱ्या किती आहेत आणि जेवण दीड तासात आटोपेल का. आपण क्रूझवरून येतोय हे आवर्जून सांगा, म्हणजे बिल वेळेत येतं. टॅक्सी जाण्या-येण्याची एकच ठरवा आणि दादांना थांबवून ठेवा. बोटीचं कार्ड आणि आधार प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात असू द्या, नाहीतर बंदराच्या गेटवर एकासाठी सगळे अडकतात.

आणि हे फोन नागपुरातून निघायच्या आधीच उरका. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, आणि बोटीवरच्या नेटचे पैसे वेगळे पडतात.