स्पेसिफिकेशन म्हणजे इनपुट-आउटपुटच ना, मग बिहेवियर कशाला लिहायचं?

तुम्ही विचारलंय की प्रोग्रॅम इनपुट घेतो, हिशोब करतो, आउटपुट देतो, मग स्पेकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने काय करायचं याच्या नेमक्या वर्णनात, तेवढंच लिहून का भागत नाही, बिहेवियर, म्हणजे तो पायरीपायरीने कुठल्या स्थितींतून जातो ते, कशाला लिहायचं. सॉर्टिंगला भागतं की. पण लिफ्टचं घ्या, तिचा प्रोग्रॅम संपतच नाही, मग शेवटचं आउटपुट कुठलं धरायचं? तिथे लिहावं लागतं की लिफ्ट वर-खाली जात असताना दार कधीच उघडणार नाही, ही सेफ्टी, आणि बटण दाबलं की कधी ना कधी ती येणारच, ही लाइव्हनेस. नुसती सेफ्टी लिहिलीत तर तळमजल्यावर दार लावून कायम उभी असलेली लिफ्टसुद्धा पास होते! हे 'नेहमी' आणि 'कधी ना कधी' प्रोग्रॅमसाठी लॉजिकमध्ये आणलं अमीर प्नुएलींनी 1977 मध्ये, त्यांना 1996 चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कम्प्युटर सायन्समधला मोठा पुरस्कार, मिळालं. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या स्पेक लिहायच्या भाषेत तर सिस्टिम म्हणजे सुरुवातीची स्थिती आणि तिथून कुठल्या कुठल्या पायऱ्या टाकता येतात, एवढंच.

मला हे पटलं ते मार खाऊन. आम्ही तिकीट बुकिंग करायचो, सीट दहा मिनिटं होल्ड, तेवढ्यात पेमेंट. सगळ्या युनिट टेस्ट, म्हणजे एकेका फंक्शनच्या चाचण्या, पास आणि तरी एकाच सीटवर दोन तिकिटं गेली. दोन दिवस लॉग चाळले, काही हाती लागेना, शेवटी टीएलए प्लसमध्ये स्पेक लिहिला आणि टीएलसी चेकरने, म्हणजे स्पेकमधले सगळे शक्य क्रम तपासणाऱ्या टूलने, लगेच अख्खा रस्ताच दाखवला: पहिल्याने सीट होल्ड केली, बँकेचं उत्तर लटकलं, होल्ड सुटला, दुसऱ्याने तीच सीट घेतली, आणि मग पहिल्याचं 'सक्सेस' आलं आणि आमच्या कोडने होल्ड न बघता कन्फर्म करून टाकलं. एकाही फंक्शनचा हिशोब चुकला नव्हता हो, चूक होती ती क्रमात. मग कन्फर्मच्या आधी होल्ड तपासायला लागलो, आणि ज्याचे पैसे कापले त्याला तिकीट नाहीतर रिफंड मिळणारच, ही लाइव्हनेसही स्पेकमध्ये घातली.

ॲमेझॉनच्या इंजिनियरांनी 2015 मध्ये लिहिलंय की डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये त्यांना याच पद्धतीने एक बग सापडला, तो दिसायला कमीत कमी 35 पायऱ्या लागत होत्या. एवढा लांब क्रम टेस्ट लिहिताना कुणाला सुचणार?

एक मात्र लक्षात ठेवा, चेकर तपासतो ते मॉडेल, म्हणजे तुम्ही लिहिलेला स्पेक, तुमचा कोड नाही, त्यामुळे दोन्ही जुळतायत ना हे तुम्हालाच बघावं लागतं. आणि सुरुवातीला मोठं काही घेऊ नका, दोन युजर आणि एक सीट बास, आमचा बग तेवढ्यातच सापडला होता.