तापा, तापास की चखणा?

प्रश्न असा आहे: स्पेनमधल्या हेरेस भागातल्या खाण्यापिण्यावरचा एक लेख मराठीत आणताना 'तापास'ला, म्हणजे तिथे पेल्याबरोबर खातात त्या छोट्या पदार्थांना, 'चखणा' म्हटलं तर चालेल का? नाहीतर 'तापास' एकवचनी धरायचं की अनेकवचनी? आणि गावाचं नाव जेरेझ, हेरेस की आणखी काही?

आधी गावाचं नाव. जेरेझ नको, ते रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचून झालंय. माद्रिदकडचा माणूस घशातून 'खेरेथ'च्या जवळपासचं काहीतरी म्हणतो. खुद्द गावातले लोक शेवटचं व्यंजन गिळून 'हेरे'वर थांबतात. मराठीत 'हेरेस' लिहावं. पण खरी मजा जुन्या उच्चारात आहे. अरबांच्या राज्यात हे 'शरीश' होतं. १२६४ साली कास्तीलच्या दहाव्या अल्फोन्सोने गाव घेतलं, तरी नावातला 'श' टिकला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात स्पॅनिशमधला हा 'श' सरकत सरकत 'ख' झाला. इंग्रजांनी इथल्या वाइनसाठी हा शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून त्यांच्या तोंडी 'शेरिस' राहिलं. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात या शेरिसची भरभरून तारीफ करतो. नंतर लोकांना वाटलं, शेवटचा 'स' अनेकवचनाचा असणार. तो छाटला आणि 'शेरी' उरली. (आपल्याकडच्या शेरी जमिनीशी हिचं काही नातं नाही, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगितलं.) गावात मात्र शेरी मागत नाहीत, 'एक फिनो', 'एक ओलोरोसो' असं प्रकाराचं नाव घेतात.

आता तापा. 'तापार' म्हणजे झाकणे, 'तापा' म्हणजे झाकण. माश्या पडू नयेत म्हणून पेल्यावर पावाची किंवा हॅमची चकती ठेवायचे, तीच पुढे खाऊ लागले, अशी कथा सांगतात. शेरीचा पेला अरुंद तोंडाचा असतो, त्यावर चकती बसेलही, पण इतक्या नेटक्या कथांवर माझा फारसा विश्वास नाही. झाकण हा अर्थ मात्र पक्का.

'चखणा' मला पूर्ण पटत नाही. चखणा पिण्यासाठी असतो. पेला नसेल तर शेंगदाण्यांना चखणा कुणी म्हणणार नाही. तापा हे मुळात मापाचं नाव आहे. एकच पदार्थ तापा, मेदिया रासिओन किंवा रासिओन अशा तीन मापांत मिळतो, आपल्या हाफ-फुल प्लेटसारखा. शेरीत शिजवलेले गुर्दे तापा म्हणूनही येतात आणि चौघांना पुरेल अशा ताटलीतही. दुसऱ्या ताटलीला चखणा म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय 'तापेआर' असं क्रियापदही आहे: एका ठिकाणी एक पेला, एक घास, की पुढच्या दारी. फिनोत सुमारे १५ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे घास हवाच. ताबांको म्हणजे हेरेसमधले पिंपातून शेरी देणारे गुत्ते. तिथे काही ठिकाणी अजून फळीवरच खडूने हिशेब मांडतात आणि निघताना फडक्याने पुसतात.

तेव्हा ऑलिव्ह आणि बदाम नुसते पेल्याबरोबर आले असतील तर 'चखणा' बेलाशक लिहा. बाकी 'तापा'च ठेवा आणि पदार्थ आपल्या शब्दांत सांगा. हेरेसजवळच्या किनाऱ्यावरच्या 'तोर्तिय्यितास दे कामारोनेस' घ्या. गव्हाचं आणि हरभऱ्याचं पीठ पातळ कालवून त्यात कांदा, पार्सली आणि सालासकट बारीक कोळंबी टाकतात आणि जाळीदार, कुरकुरीत तळतात. 'कोळंबीचे पॅनकेक' लिहिलंत तर काहीच कळत नाही. 'जवळ्याच्या पातळ भज्यांसारखं' म्हटलं की कोकणातला वाचक लगेच पेठेत जाऊन जवळा आणेल.

राहिलं वचन. 'तापास' मुळातच अनेकवचन आहे, त्यामुळे 'एक तापास' चूक. आपण 'एक चिप्स दे' म्हणतोच, तेव्हा हेही रुळेल, असं कुणी म्हणेल. पण इथे वेगळीच अडचण आहे. मराठी वाचक 'तापास' वाचतो तेव्हा त्याला ताप दिसतो आणि त्याला लागलेला विभक्तीचा 'स'. 'आठ वाजता तापास सुरुवात झाली' हे वाक्य तुमच्या लेखात आलं तर लोक पॅरासिटामॉल शोधतील. इंग्रजांनी अनेकवचनाचा समजून एक 'स' छाटला, तो नव्हता. इथला खरोखर अनेकवचनाचा आहे, तर तो आपण छाटावा. पिझ्झा-पिझ्झेच्या चालीवर एक तापा, दोन तापे. सामान्यरूप करताना 'ताप्यांबरोबर' खटकलं तर 'तापांबरोबर' लिहा, मी तेच लिहिलं असतं.