वाचकांचे प्रश्न: कॉलबॅक प्रॉमिसमध्ये गुंडाळताना

प्रश्न: वापरकर्त्याचे ठिकाण विचारणारे ब्राउझरचे गेटकरंटपोझिशन हे फंक्शन मी प्रॉमिसमध्ये, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाची जागा धरणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, गुंडाळले आहे. एरवी ते व्यवस्थित चालते. पण कधी कधी त्या निकालाची वाट पाहणाऱ्या अवेटच्या ओळीवर काम अडकते, ते पुढे सरकतच नाही आणि कन्सोलमध्ये एररही दिसत नाही. माझे काय चुकत असावे? आणि कॉलबॅकची (म्हणजे काम झाल्यावर बोलावण्यासाठी दुसरे फंक्शन घेणारी) सगळीच जुनी फंक्शन्स अशी गुंडाळून घ्यावीत का?

उत्तर: एरर न येता काम अडकते, त्या अर्थी तुमचे प्रॉमिस ना पूर्ण झाले ना नाकारले गेले, ते प्रलंबितच राहिले. न्यू प्रॉमिसला आपण जे फंक्शन देतो त्याला रिझॉल्व्ह आणि रिजेक्ट मिळतात, आणि त्यांपैकी एकाला आपण हाक मारेपर्यंत जावास्क्रिप्ट स्वतःहून कोणताही निर्णय घेत नाही.

म्हणून आधी गेटकरंटपोझिशनला तुम्ही किती आर्ग्युमेंट्स दिली आहेत ते पाहा. पहिला कॉलबॅक यशाचा, दुसरा अपयशाचा आणि तिसरे आर्ग्युमेंट पर्यायांचे असते. दुसरा कॉलबॅक ऐच्छिक असल्यामुळे तो राहून गेला तरी कोणी तक्रार करत नाही, आणि वापरकर्त्याने परवानगी नाकारली की ती बातमी तुमच्या प्रॉमिसपर्यंत पोहोचतच नाही. तेथे रिजेक्ट द्या. माझा पहिला संशय यावरच आहे.

तो दिलेला असूनही काम अडकत असेल, तर परवानगीची चौकट उघडी ठेवून वापरकर्ता तिच्याकडे पाहतही नसेल. अशा वेळी दोन्ही कॉलबॅक गप्प राहतात. पर्यायांतील टाइमआउटचे मूळ मूल्य अनंत असते हे खरे, पण ते बदलूनही येथे भागत नाही, कारण परवानगीची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. तेव्हा गुंडाळणाऱ्या फंक्शनमध्येच सेटटाइमआउट लावून, समजा 15 सेकंदांनी, रिजेक्ट करावे. त्यानंतर उशिराने उत्तर आले तर काय, अशी शंका येईल. परंतु प्रॉमिसचा निकाल एकदाच लागतो आणि नंतरच्या रिझॉल्व्हकडे दुर्लक्ष होते, त्यामुळे त्यासाठी वेगळा फ्लॅग सांभाळण्याची गरज नाही.

याच ठिकाणी आणखी एक चूक सर्रास होते. न्यू प्रॉमिसला दिलेले फंक्शन चालू असताना एरर फेकली गेली तर तिचे आपोआप रिजेक्ट होते, म्हणून कॉलबॅकमधली एररही तशीच पकडली जाईल असे आपण गृहीत धरतो. कॉलबॅक मात्र ते फंक्शन संपून गेल्यावर, पुढे केव्हातरी चालतो. तेथे फेकलेली एरर प्रॉमिसच्या हाती लागत नाही. ती कन्सोलमध्ये दिसते, पण अवेटची ओळ तशीच ताटकळत राहते. यासाठी मी कॉलबॅकमध्ये रिझॉल्व्ह किंवा रिजेक्ट यांपलीकडे काहीही लिहीत नाही, आणि अक्षांश-रेखांश काढणे, नकाशा सरकवणे ही सगळी कामे अवेटच्या नंतर ठेवतो.

सगळी फंक्शन्स मात्र गुंडाळू नयेत. वॉचपोझिशन हे फंक्शन ठिकाण बदलेल तसतसा तोच कॉलबॅक पुनःपुन्हा बोलावते; ते गुंडाळले तर पहिले ठिकाण मिळेल आणि पुढची सगळी हरवतील. क्लिक आणि स्क्रोलच्या लिसनर्सचेही तेच. सर्व्हरकडून माहिती आणणारे फेच तर मुळातच प्रॉमिस देते, तरीही त्याभोवती न्यू प्रॉमिस लिहिलेले अनेकदा आढळते. तो निव्वळ भार आहे आणि त्यात रिजेक्ट विसरण्याची नवी जागा तयार होते.

सर्व्हरकडे नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) असेल तर आवृत्ती 8 पासून त्याच्या यूटिल या मॉड्यूलमध्ये, कॉलबॅकच्या फंक्शनला प्रॉमिस देणारे रूप देणारे, प्रॉमिसिफाय हे तयार फंक्शन आहे. ज्या फंक्शनचे शेवटचे आर्ग्युमेंट कॉलबॅक असते आणि त्या कॉलबॅकला आधी एरर व मग निकाल मिळतो, अशांसाठी ते वापरावे. एखाद्या ऑब्जेक्टची मेथड त्याला देताना आधी ती त्या ऑब्जेक्टशी बाइंड करायला विसरू नका, नाहीतर तिच्या आतला धिस, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा निर्देश, हरवतो.